कांबळेकाकांचा अर्धा फळा

आमच्या परळच्या चाळीत जिन्याखाली एक फळा आहे. अर्ध्यावर पाण्याची वेळ आणि सूचना. उरलेला अर्धा कांबळेकाकांचा. मोटरसायकल रेसिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचे पॉइंट्स ते दर रेसनंतर खडूने लिहायचे. स्वतःकडे साधी सायकल नव्हती.

आज सीझनची शेवटची रेस होती. सकाळी काका गेले.

सेक्रेटरी मला म्हणाले, "सगळा फळा पूस आणि मोठ्या अक्षरात लिही." कुणी गेलं की फळ्यावर दुसरं काही ठेवत नाहीत, ही आमच्याकडची रीत. मी ओलं फडकं घेऊन उभा राहिलो.

वरून काकूंचा आवाज आला, "त्यांचं पुसू नको रे. एक रेस बाकी आहे."

मग पाण्याची वेळ पुसली आणि तिथे काकांची बातमी लिहिली.

संध्याकाळी स्मशानातून परतलो तोवर रेस संपली होती. सेक्रेटरींनीच खडू माझ्या हातात दिला. "निकाल लिही. अक्षर नीट काढ."

लिहून झाल्यावर मागून कुणीतरी विचारलं, "काकांचा रायडर जिंकला काय?"

काकांचा रायडर कोण, हे एकालाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही फक्त आकडे वाचले.

आता वर जाऊन काकूंना कोण विचारणार? तुम्ही विचाराल?