जरा सरक

आठवडाभर विहिरीत राबणाऱ्या माणसाला रविवारी मोकळं रान हवंसं वाटलं, तर त्यात नवल ते काय? विहीर म्हणजे लिफ्टची हो. उंच इमारतींच्या पोटात जी उभी अंधारी पोकळी असते, तिच्यात उतरून लिफ्टवाल्याने सत्तावीस वर्षं दोर तपासले, रुळांना ग्रीस लावलं, आणि अडकलेल्या लोकांना खालून ओरडून सांगितलं, "घाबरू नका, आणि उगाच बटणं दाबत बसू नका!" त्यामुळे रविवार उजाडला की कॅमेरा गळ्यात अडकवून गडी पहिल्या बसने गावाबाहेर. नांगरलेली जमीन, बांधावरचं एकुलतं एक झाड, पाटाचं पाणी, वाळलेल्या गवताच्या गंजी, यांचे तो फोटो काढायचा. फोटोत माणूस मात्र औषधालासुद्धा चालायचा नाही.

"माणूस आला की फोटो बिघडतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सहा दिवस घामाघूम झालेले चेहरेच बघायचे, मग सातव्या दिवशी तरी सुटका नको का?

बायको दर रविवारी बरोबर असायची. हौस त्याची आणि हमाली हिची. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसून आठवडाभर लोकांची नावं लिहिणारी बाई, सुट्टीच्या दिवशी झोप सोडून थर्मास, डबा आणि कॅमेऱ्याची तिपाई घेऊन बांधाबांधाने हिंडायची. कधी कुरकुर केली तरी चप्पल पायात घालता घालता.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. ताप काय आला, छातीत काय भरलं, चार दिवसांत हां हां म्हणता सगळं आटोपलं. तेव्हापासून कॅमेरा कपाटात आणि रविवार अंगावर यायला लागले.

मग एके दिवशी मुलीचा फोन आला. ती राहते विमानाने चौदा तास दूर, छोट्या नातीला घेऊन. "बाबा, चिमणी आजीला विसरत चाललीय. कशी दिसायची म्हणून विचारते. माझ्याकडचे सगळे फोटो जुन्या मोबाईलबरोबर गेले. आईचा एक पाठवा ना, चेहरा नीट दिसेल असा."

"अगं, एक काय मागतेस!" लिफ्टवाला म्हणाला. "घरात अकरा हजार आहेत."

मोठ्या तोऱ्यात म्हणाला आणि कॉम्प्युटर लावून बसला. पहिल्या संध्याकाळी काही सापडलं नाही, तेव्हा वाटलं, पुढे असेल. दुसऱ्या संध्याकाळी एका कोपऱ्यात थर्मासचं लाल झाकण सापडलं. एका फोटोत गवतावर सावली होती. ती तिची म्हणावी तर छत्रीचीही असू शकेल. तिसऱ्या संध्याकाळी अकरा हजार संपले. मुलीच्या लग्नाचे फोटो बाहेर काढले, तर त्यांत ही सदानकदा पाठमोरी, कुणाची तरी बॅग उचलताना. दवाखान्याच्या ओळखपत्रावर डोळे मिटलेले. स्वतःच्या लग्नातला एक पाठवून बघितला, तर चिमणीने तिकडून ठणकावलं, "ही आजी नाहीये, ही ताई आहे!"

आता खरं सांगायचं, तर तिचे फोटो त्याने काढले नव्हते असं नाही. शेकड्यांनी काढले होते. तीच तर गोम आहे.

चष्म्याचा नंबर वाढला तसा त्याला सपाट शेतात फोकस जमेना. मातीवर कॅमेऱ्याचा आपोआप फोकसही ठरायचा नाही, नुसता घुर्र घुर्र करायचा. त्यावर त्याने तोडगा काढला. बायकोला काळ्यापांढऱ्या चौकडीची शाल घ्यायला लावायची आणि पुढे पाठवायची. "त्या बांधाशी उभी राहा. अशी माझ्याकडे तोंड करून!" चौकडी स्पष्ट दिसली की फोकस तिथेच पक्का करायचा. उजेड कळावा म्हणून ती असतानाच एक फोटो घ्यायचा. मग ओरडायचं, "हं, जरा सरक!"

ती उजवीकडे सरकायची, झुडपामागे जाऊन बसायची.

"अहो, दिसतेय का मी?"

"कोपर दिसतंय."

"आता?"

"आता नाही." आणि मग खरा फोटो.

संध्याकाळी घरी आल्यावर तो आधी ते उजेडाचे फोटो पुसायचा. कॅमेऱ्याच्या कार्डात उगाच जागा कशाला अडवायची! ती शेजारी कपड्यांच्या घड्या घालत असायची. "गेले का मी कचऱ्यात?" ती विचारायची. "गेलीस," तो म्हणायचा. "बरं झालं बाई, फार जाड दिसत होते." मग दोघंही हसायची. एकदाच म्हणाली होती, "एखादा ठेवा की हो माझा." त्यावर हे महाशय म्हणाले, "हा कशाला? पुढच्या वेळी चांगला काढू." पुढची वेळ काय, दर रविवारी येत होती. नऊ वर्षं येत होती.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला त्याने कार्ड नेऊन दाखवलं. "काका, यावर शंभरदा नवीन फोटो भरलेत तुम्ही," तो म्हणाला. "आता विसरा." लिफ्टवाला घरी आला आणि ज्या बोटाने पुसायचा ते बोट दुसऱ्या मुठीत आवळून लहान पोरासारखा रडला. अडकलेल्यांना घाबरू नका म्हणून ओरडून सांगणारा हा, पण याला सांगायचं कुणी?

मुलीला सांगणं भाग होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अकरा हजारांत एकही नाही, बाबा?"

"नाही."

"आईला कधी काही वाटलं नसेल का हो?"

तो नेटवर्क जातंय म्हणाला आणि फोन ठेवला. खोटं बोलायचीही धड अक्कल नाही; आवाज इतका स्वच्छ येत होता.

रविवारी सकाळी कुठे जायचं नव्हतं, म्हणून पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसला. पाऊस पडून गेल्यावर काढलेलं एक काळं, ओलं शेत पडद्यावर होतं. उगाच चाळा म्हणून त्याने ते मोठं केलं, आणखी मोठं केलं. पुढची ढेकळं जरा पुसट होती, मागचं झाडही पुसट. मधला एक तुकडा मात्र असा लख्ख, की मातीचा कण न् कण मोजावा. आणि त्या लख्ख तुकड्यात चपलांचे दोन ठसे होते. शेजारी शेजारी, टोकं त्याच्याकडे केलेली. डाव्या टाचेला तो झिजलेला कोपरा, जो चांभाराकडून नीट करून घ्यायचा म्हणून ती वर्षभर म्हणत होती. तिथून पावलं उजवीकडे निघाली होती, फोटोच्या कडेपर्यंत.

त्याने दुसरा फोटो उघडला. गवत होतं, आणि सगळ्यात स्पष्ट जागी ते दोन ठिकाणी दबलेलं. तिसऱ्यात दवावरून पाय ओढल्याची रेघ. दिवसभर तो एकेक फोटो उघडत राहिला, जेवायचंही भान राहिलं नाही. आजवर लोकांना दाखवताना तो झाड दाखवायचा, आभाळ दाखवायचा. या जागेकडे त्याने एकदाही बघितलं नव्हतं.

ओल्या शेताचा फोटो त्याने मुलीला पाठवला. खाली लिहिलं, "मधोमध मोठं करून बघ. आई इथे उभी होती."

अर्ध्या तासाने फोन आला. पडद्यावर चिमणी होती, मागे मुलगी नाक पुसत बसलेली.

"आजोबा, हे आजीचे पाय?"

"हो."

"मग आजी कुठे गेली?"

"तिकडे, बाजूला. मीच म्हटलं होतं तिला, जरा सरक."

"का?"

"वेडा आहे म्हणून," लिफ्टवाला म्हणाला.

चिमणीने थोडा विचार केला. "आणि मग तिला परत नाही बोलावलंस?"

"बोलवायचो ना गं," तो म्हणाला. "झालं, ये, म्हटलं की लगेच यायची." एवढं म्हणून त्याने चष्मा काढून पुसायला घेतला, तेव्हा मुलीनेच फोन आपल्या हातात घेतला.