कार्ड निघणारं मशीन

जहाजावर त्याला सगळे ऑइलर म्हणत, कारण त्याचं कामच ते होतं. इंजिनाच्या पोटात उतरून तेल घालायचं, गळती पुसायची आणि कुठलं बेअरिंग नेहमीपेक्षा गरम लागतंय ते तळहाताने ओळखायचं. बावीस वर्षं हे करून माणसाचा एक स्वभाव बनून गेला होता. कुणी सांगितलेलं खरं नाही, हाताला लागेल ते खरं. साधा पाना घ्यायचा तरी हा चार दुकानं पालथी घालणार, वहीत टिपणं काढणार आणि पाचव्या दुकानात जाऊन पहिल्या दुकानातला पाना चांगला होता असं म्हणणार. बायको म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा यांच्याकडे वही नव्हती, म्हणून आमचं लग्न झालं."

तर असा हा माणूस, आठ महिन्यांच्या सफरीवर निघायच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, एका बोळातल्या दुकानात व्हिडिओ गेम खेळायचं मशीन घ्यायला उभा होता. हातात मावणारं, जुने खेळ चालवणारं आणि खिशाला परवडेल असं. बंदराकडे जाणारी बस तीनची होती. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच, पण त्याच्या बाजूने एवढं सांगायला हवं की विहीर कुठे खणायची याचा अभ्यास तो आठ दिवस करत होता.

आठ दिवसांपूर्वी मुलीने त्याच्यासमोर टेबलावर एक पेन ड्राइव्ह ठेवला होता. "नवा गेम केलाय. वेळ मिळाला तर बघा. नाही मिळाला तरी चालेल." एवढं बोलून ती कामावर निघून गेली. मुलगी एकोणीस वर्षांची, चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात शिकाऊ. बाकीचा सगळा जीव तिचा एका जुन्या खेळात. त्या खेळाचं कार्ट्रिज, म्हणजे खेळ भरलेली डबी, बापाच्या लहानपणचं, कपाटाच्या तळाशी तिला सापडलेलं. हातात कंदील घेतलेला एक बुटका माणूस खोलीमागून खोली उतरत जातो, एवढाच खेळ. काढणारी कंपनी कधीच बंद पडली. पण जगभरात त्याचे चाहते आहेत, ते त्याच खेळात स्वतःच्या खोल्या बांधतात, स्वतःची संकटं घालतात आणि एकमेकांना फुकट वाटतात. ही त्यांतलीच एक.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी ऑइलरने कुणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिने पहिला गेम बनवून त्याला जहाजावर पाठवला होता. तेव्हा जनरेटर बिघडला होता, झोपेचे वांधे होते. त्याने तो उघडलाच नाही. "छान झालाय, खूप आवडला," असं कळवून मोकळा झाला. घरी आल्यावर पहिल्याच जेवणात तिने सहज विचारलं, "तिसऱ्या खोलीत काय आहे?"

घास तोंडातच राहिला. "पाणी आहे ना?" तो म्हणाला.

पाणी नव्हतं. मुलगी भांडली नाही, रडली नाही, ताट उचलून आत गेली. त्यानंतर दोन वर्षं ती त्याच्याशी बोलली ती "मीठ द्या" आणि "फोन आईला देते" एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला शंभरदा वाटलं. आणि आता तिने पुन्हा गेम दिला होता. तो न खेळता आठ महिने समुद्रावर गेलो, तर परत येईन तेव्हा ही मीठसुद्धा मागणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. ती भीती छातीत घेऊनच तो दुकानात आला होता.

दुकान एका बाईचं होतं. कपाळावर चढवलेला चष्मा, हातात कायम स्क्रू ड्रायव्हर. सगळा बोळ तिला चष्मेवाली म्हणे. तिने काउंटरवर तीन मशीनं मांडली. निळ्याचा पडदा रुंद होता, पण जुने खेळ चौकोनी, म्हणजे दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मधे टीचभर चित्र. करडं धातूचं, हातात घेतलं की वजन कळायचं, कुठे फट म्हणून नाही. पिवळं आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचं, सगळ्यांत स्वस्त, जरा पिळलं की कुरकुरायचं. ऑइलरने प्रत्येकाचं दिशेचं बटण अंगठ्याने चारी बाजूंना फिरवून पाहिलं. वर दाबताना कंदीलवाला तिरका गेला तर खड्ड्यात पडेल, हे त्याने वाचलं होतं.

"हे करडं," तो म्हणाला. "खारी हवा खाऊनही टिकेल."

"घेण्याआधी तुमचा गेम लावून बघू," चष्मेवाली म्हणाली. तिने पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, वायरने फाइल करड्या मशीनमध्ये घातली, सुरू केली. पडद्यावर एक ओळ आली. फाइल ओळखता आली नाही. निळ्यावर नुसता अंधार. पिवळ्यावर क्षणभर काहीतरी हललं आणि पुन्हा यादी समोर.

"फाइल खराब आहे," चष्मेवाली म्हणाली. "मशीनला दोष देऊ नका."

ऑइलरच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा लावून पाहिलं. दुसऱ्या नावाने लावून पाहिलं. बारा वाजले. आता एकच उपाय उरला होता, मुलीला विचारायचं, आणि नेमका तोच त्याला नको होता. कारण तिला काय ऐकू जाणार? निघायच्या दिवशी बापाचा फोन, आणि बाप म्हणतोय की गेम चालतच नाही. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याची जी गत, तीच याची. एकदा खोटं बोलून पचलं नव्हतं, आता खरंसुद्धा खोट्यासारखंच वाजणार होतं.

शिवाय कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावे लागत. एक वाजता जेवणाची सुट्टी. तोवर त्याने काउंटरपाशी उभं राहून वहीत सगळं टिपून काढलं, इंजिनच्या नोंदवहीत काढतो तसं. कोणत्या मशीनवर काय दिसलं, आवाज आला का, फाइल केवढी, नाव काय. हाताला काहीतरी काम हवं होतं.

चष्मेवालीला त्याची दया आली असावी. "हे बघा, काका," ती म्हणाली. "या करड्यात असे कंदीलवाले दहा आहेत आधीपासून. लोकांनीच बनवलेले. त्यातला एक खेळा आणि सांगा मुलीला की झकास आहे. पोरी काय, तेवढ्यावर खूश होतात."

"ती विचारते," ऑइलर म्हणाला.

"काय विचारते?"

"तिसऱ्या खोलीत काय आहे ते." पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याचा हात पाकिटाकडे गेला होता. करडं घ्यावं, बस पकडावी, पुढचं पुढे. माणूस काय एकदा ठेच लागली म्हणून शहाणा होतोच असं नाही. एक वाजून चार मिनिटांनी त्याने पाकीट परत खिशात घातलं आणि फोन काढला.

ती पहिल्या रिंगला उचलेल असं त्याला वाटलं नव्हतं. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. गेम... तुझा गेम चालत नाहीये."

पलीकडे कारखान्याचा गोंगाट होता. मग ती म्हणाली, "बरं." आवाजात राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं.

"फोन ठेवू नकोस," तो घाईने म्हणाला. "मी दुकानात आहे. तीन मशीनांवर लावला. निळ्यावर काळा पडदा, आवाज नाही. करड्यावर ओळ आली, फाइल ओळखता आली नाही. पिवळ्यावर सेकंदभर काहीतरी हलतं, मग यादी. नाव बदलून पाहिलं, तेच. फाइल अडतीस केबीची आहे, मी लिहून ठेवलंय."

"किती?"

"अडतीस."

"बाबा," ती म्हणाली, आणि आवाज बदललेला होता. "चूक माझी आहे. त्या फाइलीत फक्त मी बदललेलं आहे. मूळ गेम नाहीच. आम्ही एकमेकांना असंच देतो. मूळ गेम आपला नसतो ना, तो वाटायचा नाही असा नियम आहे. ज्याच्याकडे स्वतःचा असतो तो त्याच्यावर हे चढवतो. सवयीने तुम्हालाही तसंच दिलं. ठिगळ दिलं आणि कापड द्यायला विसरले."

ऑइलर काउंटरला टेकला. आठ दिवस त्याने मशीनं तपासली, बॅटऱ्या तपासल्या, बटणं तपासली. फाइल उघडून बघायचं त्याला सुचलं नव्हतं. दोघंही एकाच माळेचे मणी.

"मग आता?"

"आपल्या कार्ट्रिजवरून उतरवलेला गेम माझ्या फोनमध्ये आहे, जोडून देते. कोणतं मशीन घेताय?"

"करडं. दणकट आहे."

"त्यातलं मेमरी कार्ड बाहेर निघतं का?"

त्याने मशीन उलटसुलट करून पाहिलं. कुठे फटच नव्हती, म्हणून तर आवडलं होतं. "नाही. सगळं आत."

"घेऊ नका," ती म्हणाली. "काहीच घेऊ नका. मी येते." आणि फोन बंद झाला.

कार्डाचं काय, हे त्याला कळेना. विचारायला फोन केला तर लागेना. दीड वाजला. पावणेदोन. बायकोचा फोन आला. "मी स्टँडवर पिशव्या राखत बसलेय. जहाजावर तुम्ही जाणार आहात की मी?" दोन वाजले. चष्मेवालीने त्याला स्टूल दिलं, तो बसला नाही. दारातून बोळाच्या टोकाकडे बघत राहिला. स्टँड तिथून दहा मिनिटांवर होता. अडीचला निघालंच पाहिजे, आणि ती नाही आली तर? बस सोडली तर जहाज जाईल आणि जहाज गेलं तर नोकरी. बस पकडली तर... पुढचा विचार तो करत नव्हता.

सव्वादोनला ती आली. कपड्यांवर काचेची पांढरी भुकटी, श्वास फुललेला. त्याच्याकडे न बघता सरळ काउंटरशी गेली, पिवळं मशीन उचललं आणि त्याच्या कडेला नख लावून एक नखाएवढं कार्ड बाहेर काढलं. "हे द्या," ती चष्मेवालीला म्हणाली. "आणि फोनला कार्ड जोडायची छोटी वायर."

"हे कुरकुरतं," ऑइलर म्हणाला. "बोटीवर महिनाभर टिकायचं नाही."

"स्क्रू घट्ट करा. तुम्ही इंजिन सांभाळता ना." ती दुकानाच्या कॉम्प्युटरवर गेम कार्डात भरू लागली. पाठमोरीच बोलली. "जहाजावर नेट कसं असतं?"

"मजकूर जातो. फोटो अडकतो."

"खेळ कुठवर आलाय ते साठवणारी सेव्हची फाइल फोटोहून कितीतरी लहान असते. मजकूर जातो तर ती जाईल." कार्ड तिने पिवळ्यात सरकवलं, बटण दाबलं, आणि कंदीलवाला पडद्यावर उभा राहिला. "खोलीच्या शेवटी हा दिवा लावला की खेळ सेव्ह होतो. ती फाइल कार्डावर जाते. कार्ड काढायचं, फोनला लावायचं, मला पाठवायची. पुढची खोली मी खेळणार, तुम्हाला परत पाठवणार. एक खोली तुमची, एक माझी. चाळीस आहेत. करड्यातून फाइल कॉम्प्युटरशिवाय बाहेरच आली नसती." मग जरा थांबून, चष्मेवालीकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे खेळलात की नाही, ते मला विचारावं लागणार नाही."

त्याला ते लागलं. लागायलाच हवं होतं. पण त्याच वेळी त्याला हेही कळलं की आठ महिने दर दहा-बारा दिवसांनी या मुलीकडून त्याला काहीतरी येणार होतं, आणि हे तिने गेम बनवतानाच ठरवलं असणार.

"मागच्या वेळी मी तो उघडलाच नव्हता," तो म्हणाला. "खोटं बोललो."

"माहितेय," ती म्हणाली. "निघा, बस जाईल."

दोघं जवळजवळ पळतच स्टँडवर पोचली. बायकोने पिशव्या आणि बोलणी दोन्ही त्याच्या हवाली केली. बस सुटली.

पहिल्या खोलीत तो नऊ वेळा मेला. शेजारी बसलेले गृहस्थ आधी दुर्लक्ष करत होते, मग डोकावू लागले, मग "डावीकडून जाऊन बघा" म्हणू लागले. ऐकून पाहिलं, दहाव्यांदा मेला. उजवीकडे शिडी होती, तिच्यावर पाय ठेवला की ती तुटायची. दिव्यापर्यंत पोचणंच होईना. संध्याकाळ झाली, बंदराचे उंच खांब दिसू लागले, आणि खोली काही सुटली नाही.

बोटीवर चढलो की नेट रांगत चालणार, हे त्याला माहीत होतं. काहीतरी बरं कळवायची जुनी खोड बोटांत आलीच. गेम भारी आहे, असं लिहून त्याने खोडलं. पाठवायला सेव्हची फाइलसुद्धा नव्हती. मग त्याने लिहिलं, "पहिलीच खोली जमत नाही. दहा वेळा मेलो. उजवीकडची शिडी तुटते. दिवा लांबच राहिला."

उत्तर यायला मिनिटही लागलं नाही. "ती शिडी बांधायला मला तीन आठवडे लागले. तिथे कुणी पोचेल की नाही असं वाटत होतं. आता अकराव्यांदा मरा, मी जागी आहे."

गेटवर रांग लागली होती. ऑइलरने पिशवी दोन पायांत धरली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.