जहाज महालातली तोंडी परीक्षा

धारची माणसं मांडवला, म्हणजे मांडूच्या किल्ल्यावर, आपणहून जात नाहीत. नागपूरची आत्या, पुण्याची मावसबहीण, कोणीतरी उगवावं लागतं. मग डबे भरायचे, जीप ठरवायची आणि तोच जहाज महाल पुन्हा एकदा दाखवून आणायचा. आमच्या घरी हे काम चाळीस वर्षं माझ्याकडे होतं. त्यामुळे मागच्या वर्षी मुलानं देवासहून फोन करून "आई, संडेला मांडव चलू या, बस असंच, आपण तिघंच," म्हटलं तेव्हा माझे कान टवकारले. पाहुणा नाही, सण नाही, आणि म्हणे असंच.

त्याच्या महिनाभर आधी मी दूध गॅसवर ठेवून बाजारात निघून गेले होते. शेजारणीनं ती बातमी देवासपर्यंत पोचवली. तेव्हापासून मुलाचा फोन "गॅस बंद केला ना?" इथूनच सुरू व्हायचा. मी काय ते ओळखलं. धारचं घर बंद करायला लावून मला देवासला त्यांच्या दोन खोल्यांत नेऊन बसवायचं, आणि हे गोड बोलून सांगायला मांडवची हवा बरी. मला माझं घर सोडायचं नव्हतं. तिथे मी कोणाला न विचारता सकाळचा चहा करते.

गाडीत सुनेनं मला पुढची सीट दिली. संशय वाढला. वाटेत मांडवचं ते नारळाएवढं गोरखचिंचेचं फळ घेऊन दिलं, तेही मी न मागता. घराचा विषय मात्र दोघांपैकी कोणी काढेना.

जहाज महालाशी उतरल्यावर मुलगा म्हणाला, "आई, आज तूच दाखव. पाहुण्यांना दाखवतेस तसं."

"तू काय पाहुणा आहेस? लहानपणी इथेच गुडघे फोडून घेतलेस."

"तरी पण. एकदम शुरू से सांग."

आणि मग तो विचारतच सुटला. हे काय, ते कशासाठी, याचं नाव काय. मी जन्मभर शाळेत पोरांच्या तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. परीक्षक भोळा चेहरा कसा करतो ते मला कोणी शिकवू नये. त्यात सून फोन माझ्या तोंडापुढे धरून चाललेली. "आई, जरा जोरात बोला ना, इथे हवा बहुत आहे." पुरावा गोळा करणं चाललं होतं, दुसरं काय. डॉक्टरला ऐकवतील, बघा, आई कशा चुकतात.

मी ठरवलं, एकाही प्रश्नाला अडायचं नाही. महालाच्या दोन बाजूंना दोन तलाव. एक मुंज तलाव, हे मी ठणकावून सांगितलं. दुसऱ्याचं नाव काही केल्या आठवेना. "चंपा तलाव," मी म्हणाले. चंपा नावाची तिथे विहीर आहे, तलाव नाही, हे बोलता बोलताच मला कळत होतं. गच्चीवरच्या वेटोळ्या पन्हळीतून पाणी का फिरवत असत, तेही आठवेना; तर तिथे हकीम औषधी पाणी थंड करायचे, असं ठोकून दिलं. शेजारच्या हिंदोळा महालाच्या भिंती तिरक्या का? भूकंपाच्या भीतीनं. "आठवत नाही" हे शब्द मी एकदाही तोंडातून काढले नाहीत. मनात म्हटलं, घ्या, आता काय ऐकवता डॉक्टरला.

दुपारी झाडाखाली डबे उघडले तेव्हा मात्र मला राहवेना. "विचारून टाका एकदाचं," मी म्हणाले. "घर कधी बंद करायचं माझं?"

मुलानं सुनेकडे पाहिलं. बोलली तीच. "आई, यांचा कारखाना तीन महिने झाले बंद पडलाय. आम्हालाच धारला यायचंय, तुमच्याजवळ. हे मित्राची गाडी घेऊन इंदूरच्या लोकांना मांडव फिरवणार आहेत. तुमच्यासारखं कोणी सांगत नाही, म्हणून मी रेकॉर्ड करत होते. हे म्हणाले, ऐकून ऐकून पाठ करेन. तुमच्याशी बोलायची यांची हिंमत होत नव्हती."

तीन महिने पोरगं घरी बसून होतं आणि मी त्याला घर लाटणारा ठरवून मोकळी झाले होते. फार लाज वाटली. आणि त्याहून मोठी धास्ती ही, की माझ्या थापा हा परक्या माणसांना सांगणार, आणि कोणी जाणकार त्याला तोंडावर हसणार. ते टाळायचं तर वर्षभर जे लपवलं ते मला बोलावं लागणार होतं.

"ते सगळं पुसून टाक," मी सुनेला म्हणाले. "हकीम, भूकंप, सगळं मी बनवलंय. मला आठवत नाही. हल्ली पुष्कळच आठवत नाही. त्या दुसऱ्या तलावाचं नावसुद्धा."

"कपूर तलाव," मुलगा म्हणाला. "तूच शिकवलं होतंस, आई. तू चंपा म्हणालीस तेव्हाच माझ्या ध्यानात आलं."

"मग टोकलं का नाहीस?"

त्यानं डब्यातली पोळी माझ्यापुढे केली. "तू किती जोरात सांगत होतीस, मला टोकवेना," तो म्हणाला.