पलंगाखालची चिनी बाई

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाय वर उचलले. सकाळचा चहा चालला होता आणि पोरानं पाठवलेलं फरशी पुसायचं चिनी मशीन सोफ्याकडं येत होतं. ताटाएवढं गोल, आपलं आपण फिरणारं. त्याला वाट द्यायला कपबशा सांभाळत दोघं पाय अधांतरी धरून बसलो. बायको म्हणाली, "जन्मभर मी झाडलं, तवा तुमी कदी पाय उचलले न्हाईत."

दुपारी पलंगावर आडवी झाली ती उठलीच नाही. संध्याकाळी पोरगा आल्यावर पोचवून आलो.

पोरगा पुण्यात रोबोटच्या कंपनीत आहे. चीनला जाऊन आलाय. तिथलं एक शहर त्यानं आम्हाला सांगितलं होतं. एका गल्लीत नुसती चाकं, दुसरीत मोटारी, पलीकडं ब्रश. सकाळी कागदावर चित्र घेऊन निघालेला माणूस रात्री मशीन घेऊन परततो म्हणे. जगभरातल्या रोबोटांचे हातपाय तिथूनच जातात. मला काही लई नवल वाटलं नाही. मी चादरीच्या कारखान्यात उभा जन्म काढला. आमच्याकडं बी सूत एका गल्लीत, रंग दुसऱ्या गल्लीत. फक्त आमच्या चादरी चालायला लागल्या नाहीत.

आमच्यात माणूस गेलं की त्या जागी कणीक पसरतात, वर दिवा ठेवतात आणि टोपलीनं झाकतात. सकाळी टोपली उचलून बघायचं. चिमणीचं पाऊल दिसलं तर माणूस चिमणीच्या जन्माला गेलं, खूर दिसला तर गायीच्या. शाळा मी फार केली नाही, पण हे मी खरं मानतो. ती कुठं गेली एवढंच मला कळायला हवं होतं. रात्री पलंगाशेजारी तसंच केलं.

रडारडीत मशीन बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. ते रोज सकाळी ठरल्या वेळी निघतं. आम्ही खोलीत गेलो तर टोपली कोपऱ्यात, दिवा विझलेला, कणीक गायब. आणि पलंगाखालून एक बाई बोलत होती. तेच तेच, पुन्हा पुन्हा.

मेव्हणी मैंदर्गीची. तिनं असलं मशीन कधी बघितलेलं नव्हतं. ती मटकन खालीच बसली. "दाजी, अक्का बोलतीया की."

वळसंगचा चुलतभाऊ कान देऊन ऐकत होता. तो मोबाईलवर चिनी मारामारीचे सिनेमे बघतो. "भाषा चिनी हाय," तो म्हणाला. "वैनी चीनमधी जन्मली."

मग मेव्हणी जास्तच रडायला लागली. एवढ्या लांबून अक्का पंचमीला कशी येणार, तिला तिथं भाकरी कोण देणार. भाऊ तिची समजूत घालू लागला, की तिथं कारखाने लई, वैनीला कामाची ददात पडायची नाही. मी म्हणालो, "मेल्यावर तरी तिला कामाला लावू नका."

ते मशीनच बोलतंय हे मला ठाऊक होतं. तरी मी वाकून बघितलं नाही. थोडा वेळ बोलू दिलं.

शेवटी पोरगा खोलीत आला आणि त्यानं मशीन ओढून काढलं. पोछ्याच्या पाण्यात कणीक भिजून गोळा झालेली आणि ब्रशात बसलेली. फोनवर त्या बोलण्याचा अर्थ बघत तो म्हणाला, "बाबा, अडकलंय म्हणतीया ती." मग त्याचं त्यालाच काही वाटलं आणि तो तोंड फिरवून उभा राहिला.

गोळ्यात पाऊल होतं का, कुणाचं होतं, आता कोण सांगणार? पोरगा तो कचऱ्यात टाकायला निघाला. मी हातातून काढून घेतला. मेव्हणी म्हणाली, पुन्हा कणीक पसरू. मी नको म्हणालो. एकदा येऊन गेलेल्या बाईला परत कशाला हेलपाटा?

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा रुमालात बांधला आणि जुळे सोलापुरातनं रिक्षा करून तळ्यावर गेलो. पायरीवर बसून चिमटीचिमटीनं लहान गोळ्या केल्या आणि माशांना टाकल्या. कणकेत धूळ होती, सतरंजीचे धागे होते. माशांच्या घशात अडकतील म्हणून धागे तेवढे वेचून मी खिशात ठेवले.