आयलीचं रिकामं पोट

आमच्या हॅनकॉक गावात फिनिश लोकांनी बांधलेल्या हॉलमध्ये नाटक असलं की डाव्या विंगेत आयली कांगास बसायची. ती आमची प्रॉम्प्टर. नट अडखळला की तिचा शब्द नेमका त्याच्याच कानात पडायचा, पहिल्या रांगेला पत्ता लागायचा नाही. त्या रंगमंचावर मी कितीतरी नायिकांच्या आया रंगवल्या आणि टाळ्या घेतल्या. त्यातल्या निम्म्या टाळ्या आयलीच्या होत्या.

पन्नाशी उलटली आणि आयलीचा आवाज जाड, घोगरा झाला. तिची कुजबुज आता प्रेक्षकांनाही ऐकू जाऊ लागली. तालमीत ती पेंगायची, पान चुकायची, भर जुलैत स्वेटर घालून बसायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. थायरॉईड मंदावलं होतं. रोज सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी घ्यायला सांगितली. पुढे दोनदा गोळीची ताकद वाढवली, तरी फरक पडेना.

आमचा दिग्दर्शक वॉल्टर मनाने वाईट नव्हता. पण थंडी सुरू झाली तेव्हा त्याने सांगून टाकलं, "आयली, ईस्टरच्या नाटकापर्यंत असंच राहिलं, तर तुझ्या खुर्चीत लेम्पी बसेल."

"लेम्पीला चष्म्याशिवाय स्वतःचा नवरा दिसत नाही."

"पण ती जागी असते ना."

त्या खुर्चीशिवाय आयलीला जगात दुसरी हौस नव्हती. तिने सगळा राग खाण्यावर काढला. सलगमाने थायरॉईड बिघडतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून पेस्टीच्या, म्हणजे आमच्या मांस-बटाट्याच्या भाजलेल्या मोठ्या करंजीच्या, सारणातून पिवळा सलगम गेला. तिचा नवरा एइनो म्हणाला, "ही पेस्टी नाही, बटाट्याचं पाकीट आहे." कुणीतरी समुद्री शेवाळाची पूड आणून दिली, तीही ती नाक दाबून खाऊ लागली.

शेवटी मीच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

"गोळी चुकते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकही दिवस नाही."

"रिकाम्या पोटी घेता?"

"अगदी रिकाम्या."

बाई पुन्हा रक्ताचे कागद चाळू लागल्या. मला राहवेना. "आयली, सांगू नकोस, करून दाखव. सकाळ झाली, पडदा उघडला."

आयली सरसावून बसली. "एइनोने कॉफी उकळलेली असते. कपात चीजचे तुकडे टाकायचे, वर कॉफी, थोडं दूध. गोळी जिभेवर, एक घोट, गेली. मग मऊ झालेलं चीज चमच्याने खायचं."

"हे रिकामं पोट?"

"मग काय? न्याहारी आठला असते."

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरांत कॉफी म्हणजे खाणं नव्हेच, आणि कॉफीतलं चीज हीसुद्धा कॉफीच.

बाईंनी शांतपणे समजावलं. कॉफीमुळे गोळी अंगात नीट शोषली जात नाही. दूध आणि चीज तर तिला धरूनच ठेवतात. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, कॉफी तासाभराने, दूध-चीज चार तासांनी. शिजवलेला सलगम नेहमीसारखा खुशाल खा. शेवाळाची पूड मात्र टाकून द्या. आयोडीन जास्त झालं तरी ग्रंथी बिघडते, स्वयंपाकातलं आयोडीनचं मीठ पुरेसं आहे.

"एक तास कॉफी नाही?" आयली म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही इकडच्या नाही वाटतं."

पहिले काही दिवस एइनो आपला कप घेऊन लाकडांच्या खोपीत जाऊन बसायचा. घरात वास आला की आयली चिडायची. दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासलं, तर गोळी पूर्ण लागू पडत होती, म्हणून आधी वाढवलेली गोळीची ताकद आता कमी करावी लागली. आवाज हळूहळू मोकळा झाला.

ईस्टरच्या नाटकाची रंगीत तालीम होती. नाटकातल्या मुलीला निरोप देताना माझं पुढचं वाक्य डोक्यातून पार गेलं. मी खिडकीकडे बघत उभी राहिले. विंगेतून दोन शब्द आले आणि मी वाक्य पूर्ण केलं.

पहिल्या रांगेतून वॉल्टर म्हणाला, "तो विराम छान घेतलास. प्रयोगातही तसाच घे."

लेम्पीला त्याने तिकिटं फाडायला दारावर उभं केलं.