शनिवारचे पाय

बाळापूरला आमची शाळा अकराची. शनिवारी तेवढी सकाळची, आणि सुरुवातीलाच कवायत. माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची होती. आठवडाभर शाळेत नीट जायची आणि शनिवारी बरोबर लंगडायची. आता याला कोण आजार म्हणेल? मीच घरभर नाव पाडलं, 'शनिवारचे पाय'. माय हसली, शेजारीपाजारी हसले, आणि मला भारी शहाणपणा केल्यासारखं वाटलं.

रोज सकाळी ती नऊ-साडेनऊपर्यंत चुलीपाशी गुडघे शेकत बसून असायची. तो आम्हाला आळस वाटायचा.

एका शनिवारी म्हणाली, "ताई, माही वेणी घालून दे ना. बोटं वळूनच नाही राहिले."

माझं डोकंच फिरलं. "मंग दुपारी सागरगोटे कसे खेळतं वं? तवा बरे वळतात!"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी मैदानावर जाऊन गुरुजींना सांगितलं, "गुरुजी, हे ढोंग करून राहिली." गुरुजींनी तिला साऱ्या शाळेपुढे उठाबशा काढायला लावल्या. अकरा काढल्या तिनं. बाराव्या खेपेला खाली बसली ती उठलीच नाही. पोरं हसली. ती रडली नाही, आणि त्या दिवसापासून 'दुखते' हा शब्दही तिनं तोंडातून काढला नाही.

पुढे गुडघा सुजला, अंगात ताप राहू लागला. बायका म्हणायच्या, "एवढ्याशा पोरीले कायचा वात?" शेवटी माय तिला अकोल्याच्या दवाखान्यात घेऊन निघाली. मायला वाचता येत नव्हतं, म्हणून मीही सोबत. आमचा नंबर लागला दुपारी दोननंतर. तोवर ती चांगली चालती-फिरती झाली होती.

डॉक्टरांनी गुडघा दाबून विचारलं, "कधी दुखतं गं? सकाळी जास्त का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला सारं माहीत होतं. चूल, वेणी, बोटं, सारं. पण 'हो' म्हटलं असतं तर त्या उठाबशा माझ्या गळ्यात पडल्या असत्या. मी जमिनीकडे पाहत राहिले.

"नाही दुखत," ती म्हणाली.

चोळायचं औषध लिहून मिळालं. आम्ही परत आलो.

वर्ष गेलं. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा मायनं तिला कडेवर घेतलं होतं. गुडघा सरळच होईना. रक्त काढलं. मी खोलीच्या दारात उभी होते, तर रक्त तपासणाऱ्या माणसानं मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. जांभळे ठिपके, नुसते खच्चून भरलेले.

"या पांढऱ्या पेशी. रोगाशी भांडतात. इच्या लय वाढल्या."

"कोन्या रोगाशी?"

"तेच तर. जंतू नाही सापडून राहिले, पू नाही. इच्याच अंगाशी भांडून राहिल्या वाटते."

घरचेच उलटले होते तिच्यावर, बाहेरचं कोणी नव्हतंच.

सकाळी पाय आखडूनच असतो, असं मायनं सांगितलं, तसे डॉक्टर तिच्यावर चिडले. "सकाळी आखडते, हे मागच्या वेळी काहून नाही सांगितलं? तेव्हापासून गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर पाय असा राहिला नसता."

"साहेब, कोनाले मालूमच नोतं," माय म्हणाली.

या वेळी बहिणीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत माय डुलक्या घेत होती. बहिणीचा वाकडा पाय माझ्या मांडीवर होता. मला राहवेना. म्हटलं, "मी तुले ढोंगी म्हटलं. तू कधीच ढोंग केलं नाही."

ती खिडकीबाहेर पाहत होती.

"केलं ना ताई, एक डाव," ती म्हणाली. "डाक्टरले नाही दुखत म्हनलं, तवा."