वाचनालयाची गोधडी

साताऱ्यातल्या आमच्या वाचनालयाच्या माडीची जमीन सागवानी फळ्यांची होती, हे मला ग्रंथपाल झाल्यावर तीन वर्षांनी कळलं. तोवर ती मातीची आहे असाच माझा समज होता. शिपाई दर शनिवारी ती घरच्यासारखी शेणानं सारवायचा आणि अध्यक्ष वार्षिक भाषणात त्या स्वच्छतेचा गौरव करायचे. ओल मुरत गेली आणि एका सकाळी मासिकांच्या टेबलाचा पाय जमिनीतून खाली उतरला.

नगरपालिकेच्या ओव्हरसियरनी माडी बंद केली. पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर वरची सगळी पुस्तकं पोत्यांत भरून गोदामात जाणार होती. तिथं उंदरांखेरीज वाचक नव्हता.

लढाईचे दिवस; नवं सागवान मिळत नव्हतं. मी कपाळाला हात लावून बसलो, पण दुरुस्तीला बोलावलेले म्हातारे सुतार मिस्त्री जमीन खरवडायला लागले. शेणाचे पापुद्रे निघाले आणि खालून मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं.

"मास्तर, हितं बगा! लय अस्सल हाय. आपल्या दोघांस्नी पोचवून मागं ऱ्हाईल."

मी धोतर खोचून त्यांच्याशेजारी बसलो. रोज हातभर जमीन उजळायची आणि उद्याच्या ओढीनं मला रात्री झोप लागायची नाही.

कुजलेल्या जागांसाठी मिस्त्रींनी पाटणकडून फणसाच्या फळ्या आणल्या, मोडक्या बैलगाडीची बाभळ आणली. सांगलीला एक जुनं नाटकगृह मोडीत निघाल्याचं कळताच आम्ही दोघं तिकडं धावलो आणि रंगमंचाच्या फळ्या घेऊन आलो. फणस पिवळा, बाभूळ तांबूस, सांगलीचं सागवान काळपट. सांधे बसले, काचेच्या तुकड्यांनी घासले, वर जवसाचं तेल चोळलं.

अध्यक्ष पाहायला आले. "ही काय गोधडी? गेरू फासा सगळ्याला."

"आवं, गेरू फासल्यावर चीर पडली तर दिसायची न्हाई," मिस्त्री म्हणाले.

"आणि नाटकवाल्यांच्या पायाखालची फळी इथं?"

"तिच्यावर राजे उभं ऱ्हायल्यात, सायब."

अध्यक्ष विचारात पडले. ती फळी आपल्या खुर्चीखाली घ्यावी, असं बजावून ते गेले.

शेवटच्या दिवशी ओव्हरसियर आले. काठीनं ठोकून म्हणाले, "दिसायला ठीक आहे. भार पेलेल का?"

मिस्त्रींनी खिडकीतून शेजारच्या तालमीला हाक दिली, "वस्ताद, धाडा की पोरं वर!"

अंगाला तांबडी माती लागलेले वीसएक पैलवान माडीवर आले आणि एका ठेक्यात बैठका मारू लागले. ओव्हरसियर मला घेऊन खाली गेले आणि फणसाच्या फळ्यांखाली वर बघत उभे राहिले. धप्प, धप्प! कपाटांच्या काचा थरथरल्या. ओव्हरसियरनी छत्री उघडली. मी एकेक सांधा न्याहाळत होतो. एकही फळी करकरली नाही.

त्यांनी छत्री मिटली आणि खांबावर कागद टेकवून सही केली.

"पास! पुस्तकं वरच राहणार!" मी जिन्यावरून ओरडत सुटलो. "थांबा आता!"

"शंबर झाल्याबगर न्हाई, मास्तर!" वरून आवाज आला. "या की तुमीबी!"

मी त्यांच्यात घुसलो आणि बारा बैठका मारल्या. तेराव्या बैठकीला गुडघे बोलले. फळ्या गप्प होत्या.